आडनाव नसलेली पात्रं

चूक माझी आहे. ती आधी सांगतो, मग बाकीचं.

शुक्रवारची सकाळ. बहारीनच्या गुदैबिया भागातल्या एका हॉलमध्ये आमच्या मराठी मंडळाच्या नाटकाची तालीम. हॉलच्या मधोमध माझे सख्खे मामा हातात ट्रे घेऊन उभे होते. वय बहात्तर. समोर पंधरा-वीस माणसं मोबाइल धरून हसत होती. दिग्दर्शकसाहेबांनी मला विचारलं, "तुमच्याबरोबर आलेत ना हे? कोण तुमचे?"

मी म्हणालो, "गावचे आहेत. ओळखीचे."

आणि मीही हसलो.

मामा नट. पंधराव्या वर्षी तोंडाला रंग लावून दशावतारात उभे राहिले, जत्रा-जत्रांतून फिरले. मग मुंबईची रंगभूमी, मग सिनेमा. सिनेमात त्यांना गडी मिळाला, हवालदार मिळाला, फाटकावरचा रखवालदार मिळाला. तीस वर्षांत त्यांच्या एकाही पात्राला आडनाव मिळालं नाही. तरी प्रत्येक गडी त्यांनी वेगळा केला. एक डाव्या पायाने अधू, एक मालकिणीला घाबरणारा, एक मनातून मालकाला हसणारा. लोकांनी ते पाहिलं नाही. मी पाहिलं होतं. स्टेजवर उभं कसं राहायचं ते मला त्यांनीच शिकवलं, आमच्या अंगणात, लहानपणी.

मी बहारीनला आलो तो ड्रायव्हर म्हणून. आता कंपनीच्या गाड्यांची व्यवस्था बघतो, जिदहफ्सला राहतो. मंडळात सहा वर्षं मी नाटकाचं सामान पिकअपमधून आणलं आणि नेलं. आमच्याकडे प्रयोग संपला की सगळ्यांना स्टेजवर बोलावून ओळख करून देतात. नाव आणि हुद्दा. अमुक, व्हाइस प्रेसिडेंट. तमुक, सीनियर इंजिनियर. शेवटी मी. "आणि आपले गाडीवाले! जोरदार टाळ्या!" सगळ्यांत जोरात टाळ्या मला. त्या टाळ्या मला वर्षभर पुरायच्या. अंगावर वळ टिकतात तशा.

या वर्षी सातव्या खेपेला मला भूमिका मिळाली. डॉक्टर. अकरा वाक्यं. पांढरा कोट मी स्वतः शिवून घेतला होता. गड्याचं काम करणारा मात्र लीव्हवर गावी गेलेला, त्यामुळे ती जागा रिकामी होती.

मामा महिनाभरासाठी माझ्याकडे आले होते. तालीम बघायला येतो म्हणाले. मी त्यांना मागच्या खुर्चीवर बसवलं. कोणाशी ओळख करून दिली नाही.

साहेबांनीच ओळखलं. साहेब पुण्याचे, बँकेत मोठ्या पदावर, बुसैतीनला राहणारे. "अरे, हे तर सिनेमातले गडी!" सगळे गोळा झाले. सेल्फी झाले. मामा खूश होते, हात जोडत होते. साहेब म्हणाले, "काका, तो ट्रे घेऊन या ना एकदा. ते तुमचं कमरेत वाकून."

मामांनी ग्लासांत पाणी मागितलं. हाताला वजन लागतं, म्हणाले. आमचे एक अकाउंटंट आहेत, ते म्हणाले, "पानी मफी, काका. पाणीबिणी नाही, असंच चालवा."

मामांनी रिकामे ग्लास आणले. तरी मनगटात भरल्या ग्लासांचं वजन होतं. एकानेही ते पाहिलं नाही. "अजून एकदा. अजून थोडं वाकून." चार वेळा. चौथ्या वेळी मामांचा गुडघा लचकला, तेव्हा हॉल सगळ्यात जास्त हसला.

आणि मग तो प्रश्न. कोण तुमचे?

मी मामा म्हटलं असतं तर माझा कोट गेला असता. ट्रे माझ्या हातात आला असता. गड्याचा भाचा, घरचंच काम. एवढा हिशेब मी क्षणात केला. माणूस किती पटकन नीच होतो.

परतताना गाडीत मामा बाहेर बघत म्हणाले, "ते हसले तां सोड. तू कित्याक हसलंस?"

का हसलो ते मला माहीत होतं. मी गाडी चालवत राहिलो.

चार दिवसांनी साहेबांचा मेसेज आला. मध्यंतरात काकांचा ट्रेचा आयटम ठेवू, लोक लोटपोट होतील, तुम्ही त्यांना तयार करा, तुमचं ऐकतील. मी 'ओके सर' लिहिलं. पाठवणार तेवढ्यात मामांनी आत बोलावलं. माझी संहिता त्यांच्या मांडीवर होती. म्हणाले, डॉक्टर बॅग आधी ठेवतो आणि मग रोग्याकडे बघतो, तू उलटं करतोस. अकराही वाक्यांखाली त्यांनी पेन्सिलने खुणा केल्या होत्या.

ओके सर मी पुसलं.

पुढच्या शुक्रवारी मामांना घेऊन गेलो आणि हॉलच्या मधोमध माझ्या शेजारी उभं केलं. साहेब घड्याळ बघत म्हणाले, "यल्ला डॉक्टर, वेळ नाही."

मी म्हणालो, "साहेब, हे माझे सख्खे मामा आहेत. मागच्या वेळी मी खोटं बोललो. हे मध्यंतरात ट्रे घेऊन येणार नाहीत. गडी हवा असेल तर नटाला देतात तशी यांच्या हातात संहिता द्या. जमत नसेल तर डॉक्टर दुसरा बघा. आणि गाडीही."

"अहो, मनाला काय लावून घेता? गंमत होती ती."

"कोणाची?"

साहेबांनी पुन्हा घड्याळ बघितलं. अकाउंटंट मोबाइलमध्ये बघू लागले. डॉक्टरची भूमिका गेली हे मला कळलं. जाऊ दे. मी पुन्हा टेबलं उचलीन, गडी करीन, सतरंजी झाडीन. पण कोणाच्या हसण्यात वाटेकरी होऊन मोठा होणार नाही. माझ्या माणसाला परका म्हणून मिळालेलं काहीच मला नको.

एक काम राहिलं होतं. मंडळात सहा वर्षं मी मालवणीचा एक शब्द तोंडातून जाऊ दिला नव्हता. सगळ्यांच्या देखत मी मामांकडे वळलो.

"मामानू, त्या दिवशी मी तुमका वळखूक नाय. मी चुकलंय. माका माफ करा."