दोन बोटं उंच

चेन्नईतल्या समस्त उंबरठ्यांचे एकमेव वैरी म्हणजे माझ्या बायकोचे काका, आणि त्यांनीच आखलेल्या इमारतीला त्यांच्या पाठीमागे उंबरठा बसवणारा माणूस मी. हे आधीच कबूल करतो, नाहीतर पुढे त्यांच्यावर हसताना मी फार साळसूद वाटेन.

काका तंजावरच्या मराठी घराण्यातले, वयानं पंच्याहत्तरीचे आणि धंद्यानं आर्किटेक्ट. बालवाड्या आणि पाळणाघरं सोडून ते काहीही बांधत नाहीत. चालणारं, न चालणारं, दिसणारं, न दिसणारं, कसलंही पोर तिथे आपलं आपण हिंडलं पाहिजे, एवढीच त्यांची अट. त्या अटीपायी ते कुठेही जमिनीवर बसत. "खालून बघ की रे, आपण मोठी माणसं किती कुरूप दिसतो," असं मला बँकेच्या फरशीवर बसून त्यांनी सांगितलं आहे. नव्या खोलीत शिरताच ते टाळी वाजवत, कारण आवाज घुमला की कानात यंत्र घातलेल्या मुलाला बाईंचं बोलणं कळत नाही. एकदा आम्ही दुखवट्याला गेलो होतो. सगळे माना खाली घालून बसलेले, आणि काकांनी टाळी वाजवली. वर त्या घरच्या थोरल्या मुलाला हळूच म्हणाले, "जाड पडदे लाव बाबा. फार घुमतंय." लग्नाच्या हॉलमध्ये ते उतरणीवर गोटी सोडत. गोटी भरधाव सुटली की उतार चाकांच्या खुर्चीला धोक्याचा, मग काका मॅनेजरला शोधायला निघत, आणि पंगत त्यांच्यासाठी खोळंबे.

चेन्नईच्या उत्तरेला, एन्नोरजवळ कोळ्यांच्या वस्तीत त्यांची बालवाडी होत होती, आणि मी तिथला इंजिनिअर होतो. इकडे दाराची चौकट उभी करणं म्हणजे घरातलं एखादं कार्यच. मुहूर्त, हळद, कुंकू, फुलं, सगळं लागतं. काकांच्या नकाशात चौकटीला तीनच बाजू होत्या. मुख्य दाराची चौकट अगदी शेवटी उभी राहिली, तेव्हा काका तापानं घरी पडलेले. सुतार म्हणाला, "सार, खालचं लाकूड नाही तर कुंकू कुठे लावायचं?" मला सांगलीची माझी आई आठवली, रोज सकाळी उंबरठा पुसणारी. म्हटलं, बसव. दोन बोटंच तर उंच होतं.

उद्घाटनाला काका आले ते थेट माणसांच्या गराड्यात. सर्वांत पुढे भार्गवी होती, चार वर्षांची, वॉकर धरून चालणारी. आपण एकटीनं आत जायचं म्हणून तिनं आठवडाभर घरी सराव केला होता. वॉकर लाकडाला अडला. तिनं पुन्हा ढकलला, पुन्हा अडला. बापानं तिला उचलून आत ठेवलं, तर ती म्हणाली, "मला बाहेर ने." आणि बाहेर जाऊन ती दाराकडे पाठ करून बसली.

काकांनी खाली पाहिलं. सुताराला म्हणाले, "करवत आण." कोणीतरी कुजबुजलं, पाहुणे ताटकळतील. "ताटकळू दे. त्यांना उभं राहता येतं." लाकूड कापून जमिनीसरसं होईपर्यंत काका तिथेच उकिडवे बसून होते. भार्गवी मात्र त्या दिवशी आत गेली नाही. "हे कोणी केलं?" असं काकांनी विचारलं तेव्हा सुतारानं मान खाली घातली, आणि मी सतरंजी सरळ करत राहिलो.

पंधरा दिवस मला घास गोड लागला नाही. शेवटी काकांसमोर बसून सगळं सांगितलं आणि माफी मागितली. ते म्हणाले, "सुताराची माफी आधी माग, त्यानं तुझ्यासाठी मान खाली घातली. पण माझी माफी कशाला? मी तर सहज ओलांडून गेलो असतो. जिला जाता आलं नाही, तिला सांग."

सुताराची माफी मागितली, तर तो हसला, म्हणाला, तुम्ही याल हे ठाऊक होतं सार. मग मी बालवाडीत गेलो. भार्गवी आता रोज येत होती, पण बापाच्या कडेवर; वॉकर त्याच्या दुसऱ्या हातात असे. माझी तमिळ भाजी घेण्यापुरती, तीत माफीचा शब्द नव्हता, तो बसमध्ये शेजाऱ्याला विचारून पाठ केला होता. दारापाशी तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि म्हणालो, "मन्निच्चिडु मा. ते लाकूड मी बसवलं होतं."

तिनं वाकून दाराखाली लाकूड होतं ती जागा पाहिली. मग बापाला म्हणाली, "खाली ठेव."