तिसरी नोटीस

एखाद्या माणसावर लिहावं एवढी माझी योग्यता नाही. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कोणी चढलं नव्हतं, आणि परीक्षेच्या पेपरापलीकडे मी फारसं काही लिहिलेलं नाही. तेव्हा चुकलं तर माफ करावं. पण एक गोष्ट मी छातीवर हात ठेवून सांगू शकतो. जळगावला मी ज्या सोसायटीत भाड्याने राहायचो, तिथल्या सेक्रेटरी नानांसारखा माणूस दुसरा होणार नाही. लोक नियम मोडल्यावर पकडले जातात. आमच्याकडे नियम मोडायचं मनात आलं की जिन्यात नाना उभे असत.

नाना मोजणी खात्यातून निवृत्त झालेले, एक नंबरमध्ये एकटेच राहत. काटकुळे, पांढरा फुल शर्ट, खिशात दोन पेन. जिन्यात चपलांचा आवाज करू नये हा नियम त्यांचाच, म्हणून ते स्वतः अनवाणी फिरत. त्यामुळे ते येताना कधी ऐकू आले नाहीत. दार उघडलं की समोर असायचे. एकदा मी कचऱ्याची बादली दाराबाहेर ठेवायला उचलली. कडीला हातही लावला नव्हता, तोच बाहेरून शांत आवाज आला, "बारा नंबर, बादली आतच." ती माझी पहिली नोटीस. दुसरी जिन्याखाली सायकल लावल्याची. तिसरी मिळाली की भाडेकरूने आठ दिवसांत खोली सोडायची, असा ठराव होता. माझी शेवटच्या वर्षाची परीक्षा तोंडावर आली होती. त्या दिवसांत जळगावात दुसरी खोली मिळणं अवघड, आणि साक्रीकडच्या आमच्या खेड्यातून रोज येणं अशक्य. मी श्वाससुद्धा नियमात घेऊ लागलो.

त्याहून विचित्र होता सात नंबरचा फ्लॅट. मालक परगावी वारले होते, वारस कोणी फिरकलं नव्हतं, कुलूप गंजलं होतं. दर महिन्याच्या एक तारखेला नाना त्या दारावर तीनदा टकटक करत, दाराला कान लावून थांबत, मग हळूच "बरं" म्हणून खाली उतरत. मी एकदा धीर करून विचारलं, "नाना, आत कोण आहे?"

"कोणी नाही."

"मग बरं कोणाला म्हणता?"

"घराला. बंद घराची विचारपूस केली नाही ना, की ते शेजाऱ्यांच्या कड्या वाजवायला लागतं." मग माझा चेहरा बघून म्हणाले, "घाबरतोस काय? नियमच आहे, महिन्यातून एकदा पाहणी." त्या दिवशी मी माझी कडी दोनदा तपासली.

परीक्षेला आठ दिवस असताना आई न कळवता आली, सोबत बिबड्यांसाठी, म्हणजे आमच्याकडच्या ज्वारीच्या पापडांसाठी, भिजवलेलं पीठ घेऊन. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ करून येतो तर खोलीत आई नाही आणि बिबड्यांचं पातेलंही नाही. गच्चीवर काहीही वाळत घालायला सक्त बंदी होती. मी धावत वर गेलो. आईने जुनं लुगडं अंथरलं होतं, पहिला चमचा अजून पातेल्यातच होता. आणि पाण्याच्या टाकीशी नाना उभे होते, हातात घडी उलगडलेला कागद. वर लिहिलं होतं: बारा नंबर, गच्चीवर बिबड्या वाळत घातल्याबद्दल. खाली त्याच दिवसाची तारीख. कागदाच्या घडीवर पिवळी रेघ पडली होती. तो त्या सकाळी लिहिलेला नव्हता.

आईला वाचता येत नाही. ती म्हणाली, "भाऊ, त्या कागदवर काय लिखेल शे?"

नानांनी कागदाची कड सरळ केली.

"पोऱ्याले बिबड्या आवडतस. सांजले बठ्ठ्या उचली लेसू. पन मन्हा पोऱ्याले बोलू नका, माले बोला."

नानांनी कागद पुन्हा पाहिला, घडी घालून खिशात ठेवला. "तारीख चुकलेली दिसते माझी," ते म्हणाले. नानांची तारीख कधीच चुकत नसे. मग त्यांनी कोपऱ्यातली काठी घेतली आणि ऊन कलेपर्यंत कबुतरं हाकलत बसले. मध्येच आईला म्हणाले, "अक्का, ती कडेची पातळ झाली." आई म्हणाली, "मंग तुमीच टाका ना!" आणि आमच्या सेक्रेटरींनी स्वतःच्या हाताने दोन बिबड्या घातल्या. दोन्ही फाटल्या.

मी पास झालो, धुळ्याला नोकरी लागली, मोबाईलचा नंबर बदलला. जळगावशी संबंध सुटला. परवा बसस्टँडवर सोसायटीचे वॉचमन सलीमचाचा भेटले. लेकीकडे निघाले होते.

"नाना गेले बेटा. दोन महिने झाले. झोपेतच गेले. तुझा नंबर कोणाकडेच नव्हता."

आमच्याकडे घर बंद करून जाणाऱ्याने अर्ज द्यायचा नियम होता. चाचा म्हणाले, नंतर नानांची फाईल उघडली तर तसा अर्ज निघाला. एक नंबर, घर बंद, किल्ली सलीमकडे. कागद जुना, पिवळा. तारीख बरोबर ते गेले त्याच दिवसाची. परत येण्याच्या रकान्यात नुसती रेघ.

"आणि माझी तिसरी नोटीस?"

"बारा नंबरच्या दोनच होत्या."

गाडी लागली. चाचा पिशवी उचलून निघाले आणि पायरीवर थांबले.

"एक तारखेला आता मी जातो वर. सात नंबर, मग नानांचा एक नंबर. तीनदा वाजवतो."

"मग?"

"मग काय," चाचा म्हणाले, "थोडा वेळ थांबतो, आणि बरं म्हणतो."