बदामाचं टोक

मावशींच्या केकमधली अंगठी चुकीच्या माणसाला सापडली, असं कधी झालं नाही. डब्लिनच्या क्लोनडॉकिन भागात आम्ही जी मराठी मंडळी राहत होतो, त्यांच्यात यावरून मावशींचा मोठा दबदबा होता. आयर्लंडमध्ये ऑक्टोबरच्या अखेरीला, हॅलोविनच्या दिवसांत, ब्रॅक नावाचा केक करतात. मनुके-बेदाणे रात्रभर कोऱ्या चहात भिजवायचे, पिठात कालवायचे आणि भाजण्याआधी आत एक अंगठी आणि एक नाणं कागदात गुंडाळून लपवायचं. अंगठी ज्याला निघेल त्याचं वर्षात लग्न, नाणं ज्याला निघेल त्याचं नशीब उघडलं. मूळ रिवाजात गरिबीची चिंधीसुद्धा घालतात. मावशींनी ती पहिल्याच वर्षी बाद केली. "अपशकुन कशाला भाजायचे? ते न भाजताही येतातच घरी," असं त्यांचं म्हणणं.

मावशी नागपूरच्या. काकांना त्यांच्या कंपनीने पाच वर्षांसाठी इकडच्या ऑफिसात पाठवलं, तेव्हा २०१४ साली त्यांच्याबरोबर आल्या. मावशीचा नवरा काका कसा, हा प्रश्न परदेशात कोणी विचारत नाही. मुलगा बंगळुरूला शिकत होता, त्यामुळे घरात दोघंच. मी त्याच सुमाराला पुण्याहून नोकरीसाठी आले आणि त्यांच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या घरात आणखी दोन मुलींबरोबर राहायला लागले. काका इतकं कमी बोलायचे की पहिले काही महिने आम्हाला त्यांचे दोनच शब्द ठाऊक होते, "ठीक आहे." मावशी त्यांच्या वाटचंही बोलून टाकायच्या.

इथला पानगळीचा मोसम मावशींना नुसता आवडायचा नाही, तो त्यांच्या अंगात यायचा. "नागपुरात ऑक्टोबर म्हणजे काय, तर कूलर आवरून ठेवायचा की आणखी आठ दिवस राहू द्यायचा, यावर घरात भांडण," त्या म्हणायच्या. "आणि इथं पाहा, झाड कसं पेटून राहिलं!" पहिल्या दसऱ्याला आपट्याची पानं मिळेनात म्हणून त्यांनी बर्चची पिवळीधमक पानं गोळा करून घरोघरी वाटली. आपल्याकडचं सोनं हिरवं असतं, इथलं निदान रंगाने तरी खरं आहे, ही वर मखलाशी. पुढे आम्हालाही त्याची इतकी सवय झाली की एका वर्षी कोणीतरी भारतातून आपट्याची वाळकी पानं आणली, तर ती उगाचच परकी वाटली.

रविवारी कालव्याच्या काठाने फिरायला जायचं आणि रिकाम्या हाताने परतायचं नाही, हा त्यांचा नियम. सप्टेंबरात ब्लॅकबेरी, मग पानं, मग पाइनची बोंडं. काका मागून पिशव्या घेऊन चालायचे. पलीकडच्या घरातली मॉरीन नावाची म्हातारी, जिने मावशींना ब्रॅक शिकवला, तिने एकदा बजावलं की हॅलोविननंतर ब्लॅकबेरी तोडू नये, त्यांच्यावर भूत थुंकून जातं. मावशींना ते लगेच पटलं. "आपल्याकडे चातुर्मासात वांगं नाही, तसंच आहे हे," त्या मला म्हणाल्या. मग वेचून आणलेली पानं दोन बटरपेपरच्या मधे ठेवून मावशी त्यांना इस्त्री करायच्या आणि त्यांचा दिवाळीचा आकाशकंदील व्हायचा. आमच्यातली लहान मुलं चिकटवायला बसायची. मावशी मराठीतून रागवायच्या, मुलं अस्सल आयरिश हेलात "इट्स ग्रँड, मावशी" म्हणायची, आणि कंदील दर वर्षी एका बाजूला कलायचा.

अंगठीचं गुपित मला दुसऱ्या वर्षी कळलं, कारण तेव्हा ती मलाच निघाली. आदल्या आठवड्यात पानं वेचता वेचता मी मावशींना सांगून बसले होते की माझं आणि अमोलचं ठरलंय, फक्त घरी सांगायचं धाडस होत नाही. शनिवारी सगळ्यांसमोर ब्रॅक कापला, तर माझ्या फोडीत अंगठी! सगळ्यांनी गलका केला, फोटो काढले, त्यातला एक आईच्या फोनवर पोचला आणि आईने सरळ विचारलं, "कोण आहे?" माझं निम्मं काम तिथेच झालं. दुसऱ्या दिवशी मी मावशींना खिंडीत गाठलं. त्यांनी हसत सांगून टाकलं. केकवर सोललेले बदाम गोलाकार लावलेले असत, सगळ्यांची टोकं आत. जिथे वस्तू पुरलेली, तिथल्या बदामाचं टोक तेवढं बाहेर. फोडी कापून बशा त्या स्वतः द्यायच्या, त्यामुळे चूक होण्याचा प्रश्नच नव्हता.

"म्हणजे तुम्ही फसवता," मी म्हटलं.

"फसवून नाही राहिले. ठरलेलं असतं तेच देते. न ठरलेलं दिलं आणि नाही झालं, तर देव तोंडघशी पडते ना बाप्पा. त्याला कशाला अडचणीत आणायचं?"

हा नियम त्या फार कडक पाळायच्या. एका वर्षी केतकी नावाची मुलगी आमच्यात होती. शिक्षण संपलेलं, नोकरी लागत नव्हती आणि इथे राहायची मुदत डिसेंबरात संपत होती. मी मावशींना गळ घातली की यंदा नाणं तिला द्या, पोरगी जरा हसेल तरी. मावशी चिडल्या. "आणि डिसेंबरात तिचे डोळे कोण पुसेल? तू?" त्यांनी तिला ब्रॅकची सगळ्यात मोठी फोड दिली, ब्लॅकबेरीचा जॅम दिला, स्वतः विणलेले मोजे दिले, पण नाणं दिलं नाही. केतकीला नोकरी लागलीच नाही. ती गेली त्या दिवशी मावशी दारात उभ्या राहून ढसाढसा रडल्या, आणि मला तेव्हा त्यांचा राग आला होता तो कुठल्या कुठे गेला.

मग त्यांचीच पाच वर्षं भरली. कंपनीने अशी मुदतीवर पाठवलेली माणसं मुदत संपली की परत जातात. राहायचं तर इथल्या दुसऱ्या कंपनीने नोकरी द्यायला हवी. काका पन्नाशी ओलांडलेले. आम्ही सगळ्यांनी त्यांचा बायोडेटा आपापल्या ऑफिसात दिला, ओळखीपाळखी काढल्या, आणि फार सभ्य भाषेतले नकार गोळा केले. एरवी जगाची सॉफ्टवेअर दुरुस्त करणारे आम्ही, पण या बाबतीत आमच्यापैकी एकाचंही काही चालेना. मॉरीन मला फाटकापाशी रोज काकांबद्दल इथल्या ढंगाने विचारायची, "युअर मॅनला मिळाली का गं नोकरी?" आणि मी नकाराची मान हलवली की माझ्याकडे असं बघायची, जणू मीच कुठेतरी कमी पडतेय. तसं मलाही वाटायचं.

मावशींना जायचं नव्हतं. त्या हे कोणापुढे बोलल्या नाहीत. एकदा फक्त ओव्हन पुसता पुसता मला म्हणाल्या, "तिकडं घर मोठं आहे, माणसं चांगली आहेत. पण तिकडं स्वयंपाकघर माझं नाही, मी स्वयंपाकघराची आहे." लग्न झाल्यापासून सगळ्या घरादाराच्या पोळ्या लाटलेल्या बाईला पन्नाशीला टेकताना स्वतःचा म्हणून एक ओव्हन मिळाला होता, तोही भाड्याच्या घरातला. मी दुसरं फडकं घेतलं आणि त्यांच्याबरोबर पुसत बसले.

ऑक्टोबरात एक कंपनी जरा बरी निघाली. काकांना दोनदा मुलाखतीला बोलावलं आणि सोमवारी कळवतो म्हणाले. शनिवारी नेहमीसारखी मंडळी मावशींकडे जमली. त्या वर्षी आमच्यात लग्नाचं कोणी नव्हतं, म्हणून अंगठी नव्हती, नुसतं नाणं. कंदील लटकत होता, नेहमीप्रमाणे कललेला. मावशींनी ब्रॅक कापला आणि काकांच्या हातात बशी दिली. त्या फोडीवरच्या बदामाचं टोक बाहेर होतं.

मी ते टोक पुन्हा नीट पाहिलं. मावशी न ठरलेलं देत नाहीत. म्हणजे झालं होतं! काकांनी नाणं दाताखालून काढलं, सगळ्यांना दाखवलं आणि चक्क खळखळून हसले. टाळ्या पडल्या. मी धावत स्वयंपाकघरात गेले आणि मावशींना मिठी मारली. "कळलं का? कधी कळलं?"

मावशी सिंकपाशी उभ्या होत्या. "काही नाही कळलं, पोरी," त्या हळूच म्हणाल्या. "महिना झाला, झोपत नाहीत ते. छताकडे पाहत पडून राहतात. म्हटलं सोमवारपर्यंत तरी झोपू दे. देवाला सांगितलंय, एकदा माझ्यासाठी तोंडघशी पड."

सोमवारी नकार आला. तो नेहमीसारखाच सभ्य होता.

त्यानंतर सगळं भराभर झालं. ब्रॅक भाजायचा डबा मला मिळाला, विणायच्या सुया मॉरीनला. मावशी सगळ्यांना धीर देत हिंडत होत्या, जणू जाणार आम्हीच होतो. "दोन रात्री तरी झोपले ना," एवढं त्यांनी मला एकदा समाधानाने सांगितलं. नोव्हेंबरात मी त्यांना विमानतळावर सोडायला गेले. मावशी सामानाला पट्ट्या बांधून आणायला गेल्या आणि मी आणि काका बाकावर बसलो. पाच वर्षांत आम्ही दोघंच कधी बसलो नव्हतो. काकांनी खिशातून ते नाणं काढलं.

"बदामाचं टोक मला पहिल्यापासून माहीत आहे," ते म्हणाले. "दर वर्षी बदाम मीच तर सोलतो."

म्हणजे शनिवारी ते हसले, ते सगळं समजून.

"मी जागा असलो की ती पण जागी असते," काका म्हणाले. "मग दोन रात्री डोळे मिटून पडलो. श्वासबिस लांब घेतले. तिला लागली झोप."

तेवढ्यात मावशी आल्या. माझे डोळे भरलेले, काकांच्या हातात नाणं. "काय बोलून राहिले दोघं?" त्यांनी विचारलं. मला सांगावंसं वाटत होतं आणि सांगता येत नव्हतं.

काकांनी नाणं खिशात टाकलं आणि बॅग उचलली.

"काही नाही," ते म्हणाले. "ठीक आहे."