अण्णांची संथा आणि माझ्या बाटल्या

अण्णा, म्हणजे माझे वडील, काशीतल्या दूधविनायक मोहल्ल्यात आमच्या घरी पोरांना वेद शिकवत. मी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत फुप्फुसाच्या कॅन्सरच्या पेशी बाटल्यांत वाढवत होते. "लग्न सोडून रोग पाळतेय," असं शेजारच्या काकू म्हणायच्या. पाळत होते खरंच. खाऊपिऊ घालायचं, ऊब द्यायची, लाईट गेली की जनरेटरवाल्याच्या नावानं शंख करायचा.

नव्वदच्या दशकातल्या त्या दिवसांत आमचा सगळा जीव एका प्रोटीनवर होता. जेवताना अण्णांनी विचारलं, "ते करतं तरी काय?"

"पेशी दुप्पट होताना स्वतःची नक्कल काढते. नकलेत चूक झाली की हे प्रोटीन तिला अडवतं. सुधार, नाहीतर मर म्हणतं. माझ्या पेशींत ते नाहीच. म्हणून त्या चुकांसकट वाढत सुटतात."

अण्णांनी ताकाचा भुरका मारला. "हात्तिच्या! पोरांना मी टोकतो, तेच की."

मला भारी राग आला. मी वर्षानुवर्षं घासून शिकले ते यांना ताकाच्या वाटीत सापडलं. पण चूक काढायला जागा नव्हती. संथा म्हणजे गुरूनं एकदा म्हणायचं, शिष्यांनी दोनदा. समोर पोथी नाही. स्वर चुकला की अण्णा मांडीवर थाप मारत आणि सगळे गप्प होत.

पुढे त्यांनाच खोकला लागला. उभ्या जन्मात विडी ओढली नव्हती, काशीत राहून पानही नाही. तपासण्या झाल्या आणि निघालं तेच, मी पाळत होते ते.

"ते प्रोटीन मला नाही का देता येत?" त्यांनी विचारलं.

"बाटलीत दिलं की पेशी थांबतात. माणसाला बरं करणं अजून कुणाला जमलेलं नाही." एवढं बोलले आणि तिथंच रडले.

त्यांनी मला रडू दिलं. मग म्हणाले, "बरं, एक काम कर. दम पुरत नाही, माझे स्वर घसरतायत. गुरूला टोकायची पोरांची छाती नाही. मी चुकलो तर तू टोक. एकदा चूक त्यांच्या तोंडी बसली की त्यांच्या शिष्यांच्याही बसेल."

"बाईमाणसानं?"

"कान आहेत ना?"

कान होते. मला संथा कुणी दिली नव्हती, पण भाजी निवडता निवडता सगळं कानांत मुरलं होतं.

एका सकाळी ते चुकले. पोरांनी एकमेकांकडे पाहिलं आणि चूक तशीच म्हटली. दुसऱ्यांदा म्हणायच्या आत मी दारातून बोलले, "अण्णा, थांबा."

त्यांनी पुन्हा म्हटलं. तिथंच घसरले. मी पुन्हा थांबवलं. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

ते बराच वेळ धापा टाकत बसले. मग पोरांना म्हणाले, "उद्यापासून ब्रह्मा घाटावरच्या गुरुजींकडे जा. पण चूक घेऊन जाऊ नका." आणि माझ्याकडे वळून, "तू म्हण."

मी म्हटलं. स्वर बरोबर होते. पोरं माना खाली घालून गप्प.

अण्णांची थाप मांडीवर वाजली. "ऐकू आलं नाही? दोनदा."

पोरांनी माझ्यामागून दोनदा म्हटलं.