सतराव्या प्रश्नाचं उत्तर

श्रीरामपूरकडच्या एका कॉलेजात मी तासिका तत्त्वावर रसायनशास्त्र शिकवत होते. म्हणजे दर जूनमध्ये मुलाखत द्यायची. विभागप्रमुखांनी मान डोलावली तर वर्षभर तास, नाहीतर घर. अशा नोकरीत तोंड दाबून बुक्क्यांचा मार खायचा असतो, हे मला पहिल्याच वर्षी सगळ्यांनी समजावलं. समजलं, पण पटलं कधीच नाही.

आमच्या विभागाची एक प्रश्नपेढी होती. हातानं लिहिलेली, कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात मिळायची. झेरॉक्सची झेरॉक्स, तिचीही झेरॉक्स. बंध ओळखा, रेणूचा आकार सांगा, असे साठ प्रश्न आणि शेवटी उत्तरं. मुलं ती उत्तरं आरतीसारखी पाठ करायची. चाचणीत तेच प्रश्न यायचे, त्यामुळे कुणाचं काही अडत नव्हतं.

माझं अडलं सतराव्या प्रश्नाशी. झेनॉन टेट्राफ्लोराइडचा आकार कोणता? आकृतीत मधे झेनॉन, भोवती चार फ्लोरिन, आणि उत्तर दिलेलं चतुष्फलक, म्हणजे चार त्रिकोणी बाजूंचा आकार. साफ चूक. झेनॉनच्या बाहेरच्या कक्षेत आठ इलेक्ट्रॉन असतात. चार बंधांत चार गेले की उरलेल्या चारांच्या दोन जोड्या होतात. एक वर बसते, एक खाली, आणि चारही फ्लोरिन मधल्या सपाटीवर चौकोनात राहतात.

मी वर्गात बटाटा नेला. खराट्याच्या काड्या खोचून चार बाजूंना चार भिजवलेले हरभरे लावले, वर-खाली दोन लिंबं. पोरं हसली, पण बघत राहिली. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "मॅडम, तुमचं पटतंय, पर उत्तरात येगळंच हाय. पेपरात काय लिवू?"

"पटलंय ते लिही. मार्क मी देते," मी म्हणाले.

चाचणीत अकरा जणांनी सपाट चौकोन लिहिलं. मी पूर्ण मार्क दिले. दुसऱ्या दिवशी सरांनी, म्हणजे विभागप्रमुखांनी, बोलावलं. समोर माझा गठ्ठा होता.

"उत्तरपत्रिका प्रश्नपेढीतल्या उत्तरांप्रमाणे तपासायच्या असतात, मॅडम. हे अकरा दुरुस्त करा."

"सर, उत्तरच चुकलंय."

"इतकी वर्षं कुणाला दिसलं नाही, आणि तुम्हाला दिसलं?"

बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर, असाच तो प्रश्न होता. मी मनात पेटले होते. संध्याकाळी शिपाईमामांकडून किल्ली घेऊन विभागाचं जुनं कपाट उपसलं. धूळ नाकातोंडात गेली, पण खाली प्रश्नपेढीची मूळ वही सापडली. अक्षर सरांचं होतं, तरुणपणीचं, टपोरं. बंध शाईनं काढलेले, आणि झेनॉनच्या वर-खाली दोन दोन ठिपके, म्हणजे त्याच दोन जोड्या, पेन्सिलीनं, अगदी फिकट. झेरॉक्सच्या यंत्राला ते दिसलेच नसणार. वहीत उत्तरं नव्हतीच; ती पुढं कुणीतरी झेरॉक्स बघून लिहिली होती, आणि सरही त्यावरूनच तपासत आले होते.

सकाळी वही त्यांच्यापुढं उघडून ठेवली. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. बोट त्या ठिपक्यांवर ठेवलं. मला त्या क्षणी त्यांची दया आली, हे लपवत नाही.

"यंदा राहू द्या," ते हळू म्हणाले. "गाजावाजा नको. पुढच्या वर्षी सुधारू."

"पुढच्या वर्षी मी असेन की नाही, ते तुमच्या हातात आहे. हे मार्क माझ्या हातात आहेत."

"जूनची मुलाखत ध्यानात आहे ना?"

"आहे, सर."

मी त्यांच्याच टेबलावर गुणपत्रक भरलं, खाली सही केली आणि परीक्षा विभागात स्वतः नेऊन दिलं.

जूनमध्ये यादी लागली. माझं नाव नव्हतं. घरचे अजून म्हणतात, जरा नमतं घेतलं असतं तर काय बिघडलं असतं? बिघडलं असतं. त्या मुलीला मी शब्द दिला होता, आणि तिनं माझ्या भरवशावर पेपरात लिहिलं होतं. माझे तास गेले, पण त्या अकरा जणांचा एकही मार्क कुणाला कापता आला नाही.