तक्त्याची शेवटची ओळ

आमच्या मामांनी उभ्या आयुष्यात कुणाला "कसा आहेस?" असं सरळ विचारलं नाही. माणूस दारात आला की म्हणायचे, "एक डोळा झाक बघू." मग रस्त्यापलीकडची पाटी वाचायला लावायचे. इंदूरजवळच्या आमच्या शहरात, टावर चौकात त्यांच्याबरोबर जाणं म्हणजे शिक्षाच! कुल्फी हातात वितळायची आणि आम्ही भाचरं एक डोळा झाकून साडीवाल्यांच्या पाट्या वाचत उभी. माझ्या नवऱ्यालाही त्यांनी सोडलं नाही. बोहल्यावर चढायच्या आधी त्याच्याकडून मांडवाबाहेरचं बॅनर वाचून घेतलं.

एका सरकारी खात्याच्या दवाखान्यात ते कंपाउंडर होते. मलमपट्टी, गोळ्या, सगळंच करायचे, पण जीव सगळा डोळे तपासायच्या तक्त्यात. हातात छडी, भिंतीवर तक्ता आणि समोर खात्याचे ड्रायव्हर. लोक त्यांना "तक्तेवाले" म्हणायचे आणि त्यांना ते आवडायचं. ड्रायव्हर मंडळी महाबिलंदर, ओळी घोकून यायची. मामा मग छडी उलटी फिरवायचे, मधलंच अक्षर धरायचे. "पाठ केलेलं नको. दिसतंय ते बोल," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एकदा एक ड्रायव्हर पायाच पडला, "पंडितजी, बच्चे भूखे मर जाएंगे." मामा म्हणाले, "और तेरी गाडी के नीचे आएंगे, वो किसके बच्चे हैं, भाई?" त्याला नापास केलं आणि मग साहेबांच्या मागे लागून त्यालाच गोदामात काम मिळवून दिलं.

मामी गेली, मामा रिटायर झाले, आणि साखर मागे लागली. नानाखेड्याला माझ्या घराजवळच एकटे राहायचे. एका रविवारी पोह्यांवर शेव घालताना त्यांनी मूठभर शेव बशीबाहेर टेबलावर घातली आणि तसेच खायला लागले. दुसऱ्या दिवशी त्यांना धरून फ्रीगंजात डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी थेंब घालून आत पाहिलं आणि सांगितलं, "साखरेनं डोळ्यांच्या आतला पडदा खराब होतोय. महिन्याभरात लेझर करून घ्या, नाहीतर नजर जाईल." इंदूरला खात्यातर्फे लेझर होणार होतं, पण त्यासाठी दवाखान्याच्या डॉक्टरांची रेफर चिठ्ठी हवी होती. बाईंनी आपलं मत एका कागदावर लिहून दिलं. तो कागद मी ठेवला. माझ्या पर्समध्ये, हे लक्षात ठेवा.

दवाखाना मामांचाच, तक्ताही तोच, डॉक्टर तेवढे नवीन, पोरसवदा. आम्ही आत शिरलो तर बाकावरचे पेन्शनर उठूनच उभे राहिले. "अरे, तक्तेवाले आ गए!" मामांची पाठ ताठ झाली. डॉक्टर म्हणाले, "पहले नजर देख लेते हैं." छडी होती मामांनीच तयार केलेल्या कंपाउंडरच्या हातात. गुरूची परीक्षा कशी घेणार तो? लिहाजापोटी त्या बिचाऱ्याने छडी वरून खाली, सरळ ओळीनं नेली. तिची टकटक ऐकत मामांनी तक्ता घडाघडा म्हणून टाकला, शेवटच्या बारीक ओळीसकट. बाकावरून टाळ्या पडल्या. डॉक्टर हसले, "बाबूजी, आपकी नजर तो मुझसे अच्छी है. रेफर किस बात का?" आणि त्यांनी साधे थेंब लिहून दिले.

मला सगळं कळत होतं. मामा तक्त्याकडे पाहतच नव्हते, त्यांचं तोंड शेजारच्या कोऱ्या भिंतीकडे होतं. पर्स उघडून कागद पुढे करायचा, एवढंच काम. पण इतक्या लोकांसमोर त्यांना खोटं कसं पाडू? जीभच रेटेना मेली! बाहेर आल्यावर म्हटलं, "मामा, कागद दाखवायचा राहिला. परत जाऊ या?"

"काय झंझट लावलीस, शुभे! शेवटची ओळ वाचली ना मी?"

त्यांना लेझरची भीती वाटत होती आणि मला त्यांची. पुढे आणखी दोनदा मी विषय काढला आणि दोनदा गिळला. महिना उलटला.

एका भर उन्हाच्या दुपारी मामांचा फोन आला. "शुभे, लाईट गेली का गं?"

मी पंख्याखाली बसले होते. पंखा गरगर फिरत होता.

इंदूरला कळलं की एक डोळा मधल्या दिवसांतच गेला होता, मामांनी कुणाला सांगितलंच नव्हतं. दुसऱ्यात आता रक्त उतरलं होतं. "लेझरची वेळ निघून गेली," डॉक्टर म्हणाले. ऑपरेशन झालं, पण उजेड आणि अंधार यापलीकडे काही कळेना.

त्यानंतर मामा दोन वर्षं जगले. दारात कुणी आलं की नुसतं "कौन?" म्हणायचे. डोळा झाकायला कुणालाच सांगितलं नाही. मी पोहे घेऊन जायची आणि त्यांचा हात धरून बशीच्या कडेवर ठेवायची. शेवटच्या आजारात एकदा त्यांनी चाचपत माझं मनगट धरलं.

"त्या दिवशी दवाखान्यात... तुला कळलं होतं ना गं?"

नाही म्हणता आलं असतं. पण म्हटलं, "हो, मामा."

ते रागावले नाहीत. मनगटही सोडलं नाही. म्हणाले, "मग दिसत होतं ते बोलायचं होतंस, बेटा."