मंदाताईंचा फॉर्म

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही — आईला नाही, सावेडीतल्या मैत्रिणींनाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मंदाताईंना ओळखत नाही.

पाथर्डीहून जीपने अर्ध्या तासावर एका गावात माझं पोस्ट ऑफिस आहे. एक खोली, एक खिडकी. दहावीच्या मार्कांवर माझी निवड झाली; गाव मी आधी पाहिलंही नव्हतं. तोवर दोन वर्षं मंदाताई तिथे पोस्टमास्तरच्या जागी बदली म्हणून काम बघत होत्या. मी आले तशी त्यांनी खुर्ची सोडली आणि मदतनीस म्हणून राहिल्या. राग? मला तरी कधी दिसला नाही. माझ्यासाठी भाकरी आणायच्या. गावात एकाच आडनावाची चौदा घरं — कुठलं पत्र कुणाचं, हे त्यांनीच मला शिकवलं.

लोक मात्र खिडकीशी येऊन माझ्या खांद्यावरून आत बघायचे. "मंदा न्हाई का? मग उद्या येतो." एक आजोबा म्हणाले, "मॅडम, तुमचं बोलनं लई गोड हाय, पर पत्र मंदाच्याच हाती द्या. तिला आमचं घर घावतं." सगळे हसले. मंदाताईही हसल्या. तेव्हापासून का? की माझ्या मनात ती अढी आधीपासूनच होती?

मग नवं मशीन आलं. टपाल स्कॅन करायचं, सहीही त्याच्यावरच घ्यायची. मंदाताई बिस्किटाच्या पुड्यावर सराव करायच्या; टुक वाजलं की हसून माझ्याकडे बघायच्या. पंधरा दिवसांत त्या माझ्याइतक्याच तयार झाल्या.

वरून एक फॉर्म आला, भरायचाही इंग्रजीतच; मंदाताईंना इंग्रजी येत नव्हतं. मशीन जमणाऱ्या मदतनिसांनाच ठेवणार होते. प्रत्येकाने आपलं म्हणणं लिहून द्यायचं होतं. त्या माझ्याशेजारी बसल्या. "लिही पोरी — मशीन येतंय मला. मला काढू नका. न्हाईतर पुन्ना हातात कोयता हाय."

मी लिहिलं — मशीन जमत नाही, शिकायची इच्छा नाही. हात अडखळला नाही. तेही सांगायला हवं.

"वाच की," त्या म्हणाल्या. मी वाचलं. मराठीत. त्यांनी सांगितलेलं, शब्द न् शब्द — इंग्रजी ओळींवरून बोट फिरवत. त्यांनी जपून सही केली.

महिन्याभरात त्यांचं नाव कमी झालं. "दगा दिला गं साहेबांनी," त्या म्हणाल्या. "तू एवढं चांगलं लिहिलं हुतंस." मी काय केलं? पाण्याचा ग्लास पुढे केला.

दिवाळीनंतर त्या नवऱ्याबरोबर कोपरगावकडे ऊसतोडीला गेल्या. जाताना मला एक कागद देऊन गेल्या — चौदा घरांचा नकाशा. कुणाचं दार निळं, कुणाच्या अंगणात शेवगा, कुणाचं कुत्रं चावतं. तो कागद बघूनच मी रोज पत्रं वाटते. आता खिडकीशी येऊन कुणी माझ्या खांद्यावरून आत बघत नाही.

नकाशावरचं शेवटचं घर त्यांचं आहे. त्यापुढे त्यांनी लिहिलंय — "कुलूप असंल. काही आलं तर तुझ्यापाशीच ठेव."